येसू सध्या कुठं असते?

रामनगरात माझं शिलाईचं दुकान गुरांच्या डॉक्टरांच्या घरासमोर आहे, यात माझा काही दोष नाही. उजेड दरवाज्यातून येतो म्हणून मशीन दरवाज्याकडे तोंड करून ठेवावं लागतं, आणि दरवाज्यातून त्यांचं फाटकच दिसतं. त्यामुळे डॉक्टरांकडे कोण आलं, कोण गेलं, किती वेळ थांबलं, हे मला न विचारताच कळतं. लोक मला भोचक म्हणतात. म्हणोत. तेच लोक ब्लाऊजचं माप द्यायचं निमित्त काढून माझ्याकडे येतात आणि टेप अंगाला लावायच्या आत हळूच विचारतात, "मंगलक्का, ती येसू सध्या कुठं असते ओ?"

हा प्रश्न आमच्या गावात काही वर्षं फिरतो आहे. मी उत्तर देत नाही, कारण मलाही माहीत नसतं आणि तसं कबूल करायला मला आवडत नाही.

आधी डॉक्टरांचं सांगते. त्याचं नाव प्रज्योत. त्यांचं आणि माझ्या माहेरचं मूळ खानापूर तालुक्यातलं, त्यामुळे त्याच्या आईचं आणि माझं चांगलं जमायचं. मी त्याच्याहून बरीच मोठी. दुकानात गिऱ्हाईक असलं तर त्याला डॉक्टर म्हणते, एरवी प्रज्योत आणि अरे-तुरे. शिकला, नोकरीला लागला, घर बांधलं, आईचं लांबलेलं आजारपण काढलं. आई गेली तेव्हा तो चाळिशीला टेकला होता आणि लग्न राहूनच गेलं होतं. माणूस गुणाचा, पण सगळं जागच्या जागी हवं. छत्री ह्या खिळ्याला, टोपी त्या खिळ्याला. म्हैस अडलेली असो की गाय, हा चहाचा कप धुऊन पालथा घातल्याशिवाय घर सोडायचा नाही. सोमवारी मुगाची आमटी म्हणजे मुगाचीच.

मी त्याला तीन मुली दाखवल्या. एक बँकेत, एक शिक्षिका, एक घरचीच पण फार सुगरण. तिघींनाही तो "चांगल्या आहेत" म्हणाला आणि तेवढ्यावर विषय मिटवला. मला इतका राग आला की मी महिनाभर त्याच्या शर्टाची बटणं लावून दिली नाहीत. ह्याला बायको नको, कपाट हवंय, असं मी त्याच्या तोंडावर बोलले. तो हसला आणि बटणं घेऊन घरी गेला.

मग येसू आली.

बाजारकुणंगच्या आत, जंगलातल्या एका वाडीवर म्हैस अडली होती. तिथं येसू भात झोडायला म्हणून आलेली. म्हशीची शिंगं धरायला कोणी पुढे होईना, तर ही झाली. म्हशीनं तिला आडवी पाडली, ही चिखलात बसून हसत राहिली, आणि शेवटी घरच्या गड्यानं शिंगं धरली. रेडकू झालं. डॉक्टर हात धुऊन जीपकडे आला, तर ही पुढच्या सीटवर, लसीचा डबा मांडीवर घेऊन बसलेली. इथून पुढचं दोघं वेगवेगळं सांगतात. डॉक्टर म्हणतो, तिनं सोडायला सांगितलं. ती म्हणते, जीपचं दार उघडंच होतं.

"कुठं जायचंय?" त्यानं विचारलं.

"तू कुठं चाललास?"

"रामनगरला."

"मग मी बी थंयच. त्या वाटेनं मी कधी गेल्ये न्हाई."

तिच्या वाडीच्या बोलीत 'तुम्ही' नाहीच, कलेक्टर आला तरी त्याला 'तू'. पण ते मला नंतर कळलं. त्या दिवशी मी फक्त पाहिलं, की डॉक्टरांच्या जीपमधून पस्तिशीची एक बाई उतरली, लुगड्यावर पुरुषी शर्ट घातलेली, पायात चिखल, आणि ती डॉक्टरांच्या घरात न जाता रस्ता ओलांडून सरळ माझ्या दुकानात आली. म्हणाली, "तुझं मशीन मी चालवून बघू?"

मी माझ्या मशीनला माझ्या सख्ख्या भाचीला हात लावू देत नाही. तिला दिलं. का दिलं, ते आजही सांगता येत नाही. तिनं एका चिंधीवर वेडीवाकडी टीप मारली, फार खूश झाली आणि उठून गेली. पुढे कळलं, ते तिचं सगळ्याच बाबतीत तसं होतं. तिला सगळं थोडं थोडं यायचं आणि पूर्ण असं काहीच यायचं नाही. भाकरी करायला घ्यायची आणि निम्म्यात मांजराच्या मागे जायची. भाकरी करपायची.

पहिले काही दिवस ती डॉक्टरांच्या मागच्या खोलीत राहिली, जिथं तो पेंडीची पोती ठेवतो. मग नाही. हे मी फाटकावरून नव्हे, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवरून ओळखलं. आधी दोन टोकांना दोन गठ्ठे असायचे, मग सगळं एकात एक वाळायला लागलं. गाव बोललं. तो मराठा, ती कुणबी, लग्न नाही, कार्य नाही. पण हळू आवाजात बोललं, कारण गावातल्या प्रत्येकाची म्हैस कधी ना कधी त्याच्या हाताखालून गेली होती आणि पुढेही जाणार होती.

मला मात्र त्या घराचं फार कुतूहल वाटायला लागलं. छत्री दाराच्या कडीला लटकायला लागली. कप उताणे. एका सोमवारी तर मासे तळल्याचा वास रस्ता ओलांडून आला आणि मागोमाग डॉक्टरांचं हसणं. त्याच्या आईच्या हयातीतसुद्धा मी त्याला मोठ्यानं हसताना ऐकलं नव्हतं.

आणि एका सकाळी ती नव्हती.

सांगणं नाही, सवरणं नाही. तो फाटकात उभा राहून दोन्हीकडे बघत होता. सव्वा-दीड महिन्यानं ती ट्रकमधून उतरली, हातात एक फणस आणि कडेवर मांजराचं पिल्लू. गणेशगुडीला म्हणे नदीवरच्या एका रिसॉर्टात भांडी घासत होती. पुढच्या खेपेला गोव्यात काजूच्या बागेत. एकदा तर कारवारला समुद्र बघायला गेली आणि तिथं सुकी मासळी राखत बसली. कुठंही रुजू व्हायची, लोकांना आवडायची, आणि हंगाम अर्धा टाकून चालू पडायची.

मला राहवलं नाही. तिच्या फाटक्या शर्टाची बाही लावताना मी विषय काढलाच.

"कोण छळतं काय गं तुला हितं?"

"न्हाई."

"डॉक्टर काय टाकून बोलतो?"

"न्हाई गे. तो बरो हा."

"मग जातेस कशाला?"

"सुम्मने," ती म्हणाली. कारण नसताना केलेल्या गोष्टीला आमच्याकडे सगळेच हा कानडी शब्द वापरतात. "वाट असते न्हवं. तू न्हाई जात कुठं?"

"मी बेळगावला जाते. कापड आणायला."

"आनी मी कापड न आणायला जाते," असं म्हणून ती बाही उलटी घालून निघाली.

कोणी म्हणायचं, तिच्या आजोळचं गाव सुप्याच्या धरणाखाली गेलं, म्हणून तिचं कुठं मन लागत नाही. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. निम्मं रामनगर त्या धरणाखालून उठून आलेलं आहे, आणि ते लोक एकदा बसले की बसमधली सीटसुद्धा सोडत नाहीत. तिचं खरं एवढंच कळलं होतं, की आई लहानपणी गेली आणि मग ती थोडी मामाकडे, थोडी मावशीकडे, थोडी आणखी कुणाकडे अशी वाढली. तेही तिनं बोलता बोलता सांगितलं, कुणी तक्रार सांगावी तसं नव्हे.

डॉक्टरची मात्र वाट लागली होती. एकदा तो बटण तुटल्याचं निमित्त करून आला. बटण तुटलेलं नव्हतंच.

"अक्का," तो म्हणाला, "ती घरात असली की मला भीती वाटते, आता जाईल म्हणून. नसली की भीती नसते. फक्त घर मोठं वाटतं."

"मग लग्न कर म्हणावं. मंगळसूत्र घातल्यावर कुठं जाते बघू."

त्यानं विचारलं. तिनं "बघू" म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं, तर ती परसात पेरूच्या झाडाखाली खड्डा करत होती. कुठूनसा कोनफळाचा कोंब आलेला तुकडा आणला होता, तो तिनं लावला, माती दाबली आणि बराच वेळ तिथंच उकिडवी बसून राहिली. आमच्या जोयड्याच्या जंगलातले लोक कंदावर जगत आले आहेत, त्यामुळे त्यात मला काही विशेष वाटलं नाही. आठवड्याभरात ती गेली.

ह्या खेपेला ती लवकर आलीच नाही. कोनफळाचा वेल पेरूवर चढला, थंडीत वाळला. डॉक्टरनं त्याला आळं केलं होतं, काठी लावली होती. वेल वाळल्यावर कंद खणायचा असतो. तो मला म्हणाला, "असू दे. आल्यावर तीच खणेल." पुढच्या पावसात वेल पुन्हा फुटला. मधे एकदा ती आली, दोन दिवस राहिली. आल्या आल्या परसात गेली, वेल बघितला आणि आत येऊन त्याच्याशी इतकं गोड बोलली की त्याला वाटलं, आता राहिली. नाही राहिली. त्यानंतर पाच-सहा महिने होत आले. डॉक्टरचे गाल बसले. छत्री परत खिळ्याला गेली आणि मला ते बघवेना.

जोयड्याला थंडीत कंदांचा मेळा भरतो. वाडीवाडीवरच्या बायका आपापले कंद मांडतात, शहरातले लोक फोटो काढायला येतात. डॉक्टरच्या डोक्यात आलं, की तिच्या वाडीचे सगळे तिथं येणार, म्हणजे तीही येईल. आपण तिचं कोनफळ तिथं मांडू, तिच्या नावानं. तिला बरं वाटेल. दोन पावसाळे जमिनीत राहिलेला कंद म्हणजे केवढा झाला असेल! तो हे सांगताना इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसला.

खणायला त्यानं गुणाला बोलावलं. गुणा येसूच्या शेजारच्या वाडीचा, डॉक्टरकडे वरकामाला येतो, बडबड्या माणूस. मी कुंपणाशी उभी होते. त्यानं पहार हातात घेतली आणि थांबला.

"खनू?"

"खण की."

"डॉक्टर, नक्की खनायचं न्हवं?"

"अरे खण म्हटलं ना."

गुणानं खणलं. एक शब्द बोलला नाही. कंद एवढा निघाला की दोघांना धरून उचलावा लागला. डॉक्टर लहान पोरासारखा त्याच्याभोवती फिरत होता. मी चहा आणला, तर गुणानं मान हलवली, हात धुतले आणि पहार भिंतीला टेकवून गेला. गुणा आणि चहा न घेता गेला, हे मला फार विचित्र वाटलं. घरी भांडण झालं असेल, असं मी मनाशी म्हटलं.

मेळ्याला मी डॉक्टरबरोबर गेलेच. त्याचा शर्ट मी इस्त्री करून दिला होता. कोनफळ टेबलावर मधोमध, पुढे पाटी: 'येसू हिने लावलेले'. लोक थांबून बघत होते, मोबाइल काढत होते. दुपारच्या सुमाराला ती दिसली. तोच शर्ट, उन्हानं रापलेली, कुणाशीतरी बोलत येत होती. डॉक्टरचा चेहरा असा उजळला की मीच लाजून दुसरीकडे बघितलं.

ती टेबलापाशी आली. कंदावर तळहात ठेवला. पाटी तिला वाचता येत होती, सावकाश का होईना. तिनं ती वाचली.

"कोणी खणलं?"

"मी सांगितलं खणायला," तो म्हणाला. "बघ केवढं झालंय! सगळे विचारतायत कोणाचं, कोणाचं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. "बरं केलंस," ती म्हणाली. "मोकळी झाले मी." आणि वळून गर्दीत गेली. मी तिच्या मागे धावले, पण माझं धावणं ते काय. बटाटेवड्याच्या गाडीपर्यंत गेले आणि दम लागला.

परत आले तर गुणा समोरून येत होता. मी त्याला धरलाच. "गुणा, ती अशी का गेली रे?"

गुणा माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच काही वेड्यासारखं विचारलंय. "अक्का, तुम्हीच तर खनायला लावलं. मी दोनदा विचारलं की न्हाई?"

मग त्यानं सांगितलं. त्यांच्या वाड्यांवर अशी रीत आहे, की घरातल्या ज्या माणसानं कोनफळ लावलं त्यानंच ते खणायचं. पोरगा गोव्याला कामाला गेला, लेक सासरी गेली, तरी त्यांनी लावलेल्याला घरचे पहार लावत नाहीत. ते माणूस परत येणार आहे, त्याची जागा आहे, असा त्याचा अर्थ. दुसऱ्यानं खणलं म्हणजे एक तर ते माणूस गेलं, नाहीतर घरच्यांनी त्याला सांगितलं की आता येऊ नको. "मला वाटलं, डॉक्टरांनी तिला सोडली," गुणा म्हणाला. "मला लई वाईट वाटलं. म्हणून चा घेतला न्हाई."

डॉक्टर मागे उभा राहून ऐकत होता. तो तिथंच, इस्त्रीच्या कपड्यांनिशी, खाली मातीत बसला. मी त्याला त्याच्या आईच्या दिवसांतही असं पाहिलं नव्हतं. म्हणाला, "अक्का, मी तिला घराबाहेर काढलं. चार लोकांत. वर पाटी लावून."

मला त्याची इतकी दया आली की मी गुणावरच ओरडले, तोंड कशाला दिलंय देवानं म्हणून. गुणानं बिचाऱ्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ती सध्या गुंद गावात असते, एका भटांच्या वाडीत सुपारी सोलायला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं सकाळची सगळी कामं पुढे ढकलली. त्यानं असं काही केलेलं गावात कुणालाच आठवत नाही. मी दुकानाला कुलूप घातलं. तो म्हणाला, "अक्का, तुम्ही कशाला?" मी म्हटलं, "तुला बोलता येत न्हाई म्हणून." खरं कारण, मला बघितल्याशिवाय चैन पडलं नसतं. जोयडा मागे टाकून उळवीच्या रस्त्यानं आम्ही निघालो. त्याच्या तोंडातून सबंध वाटेत एक शब्द निघाला नाही, आणि त्यामुळे माझ्याही नाही, म्हणजे बघा.

अंगणात मांडव घातला होता आणि खाली बायका रांगेनं बसल्या होत्या, पाटाला ठोकलेल्या पात्यावर सुपाऱ्या सोलत. एकीकडे मोठ्या हंड्यात सोललेली सुपारी शिजत होती, तिचा तुरट वास सगळीकडे. गुरांचे डॉक्टर आलेले बघून मालक धावत गोठ्याकडे निघाले. डॉक्टर गोठ्याकडे गेलाच नाही. तो सरळ त्या रांगेसमोर जाऊन उभा राहिला. येसू मधे कुठंतरी होती. तिनं वर बघितलं नाही. बाकी सगळ्यांनी बघितलं आणि सगळे हात थांबले.

"येसू," तो म्हणाला, "मला ती रीत माहीत नव्हती."

"म्हाईत हाय मला, तुला म्हाईत न्हवती ती."

"मग?"

तिनं हातातली सुपारी सोलली, टोपलीत टाकली, दुसरी घेतली. "मामाच्या परसात मी लावलं व्हतं. मी भायर पडले आनी त्यांनी त्याच साली खणून खाल्लं. मावशीच्या परसात लावलं, मावशीनं खणलं. जंय जंय ऱ्हायले थंय लावलं. सगळ्यांनी खणलं. मामाला रीत म्हाईत व्हती, मावशीला बी व्हती. तुला कोणी कायच सांगितलं न्हवतं, आनी तू दोन पावसाळं राखलंस. काठी लावलीस. मधे मी आले ती तेवढंच बघायला आले व्हते."

"मग मला एकदा सांगायचं न्हाई होय?"

"सांगून राखलं तर ते काय राखलं?"

मी तिथंच रडले. लपवून नव्हे, चांगली पदर डोळ्यांना लावून. शेजारची एक अनोळखी बाईही रडायला लागली, तिला तर काही माहीतही नव्हतं.

डॉक्टर म्हणाला, "घरी चल."

"आनी मग?" आता तिनं वर बघितलं. तिचेही डोळे भरले होते. "मग काय व्हईल? मी परत जाईन. न्हाई जात म्हटलं तर खोटं व्हईल. मला टिकता येत न्हाई डॉक्टर, कुठंच. मला त्याचं वाईट वाटतं, तुला काय वाटलं, न्हाई वाटत? तू बरा मानूस. टिकनारी बाई कर. मंगलक्कानं दाखवल्यात न्हवं तीन."

बायका हसल्या. माझी मान खाली गेली, कारण हे तिला कुणी सांगितलं असेल ते मला माहीत होतं, आणि तो कान लाल करून माझ्याच शेजारी उभा होता. मी मनात म्हटलं, बोल रे बाबा, आत्ता नाही बोललास तर मेलास. त्याला बोलायची सवयच नाही. तो एकदा त्या हंड्याकडे बघायचा, एकदा स्वतःच्या बुटांकडे.

"तू टिकू नको," तो शेवटी म्हणाला. "टिकायचं मी बघतो. मला ते येतं. दोघांनी टिकायची काय गरज हाय?"

कोणी हसलं नाही. मालक गोठ्याच्या दारात तसेच उभे होते. येसूच्या हातात सुपारी होती, ती तिनं पात्यावर धरली आणि तशीच धरून राहिली. तिच्या शेजारची म्हातारी तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "ऊठ गे बाय. मी सोलते तुझं."

येसूनं तरी ती सुपारी सोलली. टोपलीत टाकली. मग उठली, हौदावर हात धुतले, सुपारीचा काळा रंग काय धुण्यानं जातो, पण धुतले, आणि आमच्या पुढून चालत जाऊन जीपमध्ये पुढच्या सीटवर बसली. सामान असं तिचं काही नव्हतंच. मला मागे लसीच्या डब्याशेजारी बसावं लागलं, आणि उळवीचा तो रस्ता कसा आहे, हे तिकडून जाणाऱ्यांना विचारा. अंगाची हाडं खिळखिळी झाली. मला इतका आनंद झाला होता की मी रामनगर येईपर्यंत दोघांना शिव्या देत होते.

लग्न झालं. देवळात, साधंच. ब्लाऊज मी शिवला. लोकांना वाटलं, आता गाडी रुळावर आली. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. मंगळसूत्र घालून ती सगळा पावसाळा राहिली, भाकऱ्या करपवल्या, माझ्या मशीनच्या सुया मोडल्या, डॉक्टरबरोबर जीपमधून वाड्यावाड्यांवर हिंडली. भातं कापून झाली आणि एके दिवशी ती नव्हती.

मी भयंकर चिडले. त्या दोघांपेक्षा मीच जास्त विश्वास ठेवला होता, त्याचा राग. भाकरी आणि भाजी डब्यात घालून मी रस्ता ओलांडला, म्हटलं, हा उपाशी बसला असेल. तर हा स्वयंपाकघरात तांदूळ निवडत उभा. दाढी केलेली. तिचा शर्ट खुंटीला होता, तो त्यानं धुऊन वाळवून ठेवला होता.

"गेली?" मी विचारलं.

"गेली."

"कुठं?"

"काय म्हाईत."

"आणि तू तांदूळ निवडतोस! तुला काळजी वाटत न्हाई? आता येईल, न येईल, कुठं पडली असेल, कुठं आजारी असेल?"

"वाटते की," तो म्हणाला. "रोज वाटते. सकाळी उठल्यापासून वाटते."

"मग?"

त्यानं ताटातला एक खडा काढून खिडकीबाहेर टाकला. "मग काय, अक्का. वाटू दे," तो म्हणाला, आणि डब्यात काय आणलंय ते विचारायला लागला.